वरचा भात

जहाजाच्या अकराव्या मजल्यावर जेवणाचा हॉल होता. तिथे एका खिडकीजवळच्या टेबलाशी शालिकराम भोयर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मुंबई बंदर सुटून अर्धा तास झाला होता. आजूबाजूला माणसं ताटल्या घेऊन अशी धावत होती, की जणू जहाजावरचं अन्न संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं. कोणी पास्ता आणत होतं, कोणी ढोकळा, कोणी एकाच ताटलीत दोन्ही.

मिनल आपली ताटली भरून आली आणि बाबांसमोर बसली. बाबांना भूक नसेल, किंवा गर्दीने बावचळले असतील, असं तिला वाटलं. पहिला घास उचलला तेव्हा बाबांनी तिच्या ताटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनंतीही नव्हती. थांब्यावर उभा असलेला माणूस बस दिसते का म्हणून रस्त्याकडे पाहतो, तसं ते पाहत होते. वाढलेलं ताट यायचं होतं, आणि ते यायला आज जरा उशीर होत होता.

मिनल उठली. तिने दुसरी ताटली घेतली, वरण, भात, पोळी, कोरडी भाजी, लिंबाची फोड असं सगळं ज्या त्या जागी वाढलं, ताटली बाबांसमोर ठेवली आणि पाण्याचा ग्लास उजव्या हाताला सरकवला. बाबा जेवू लागले. तिची पोळी तोवर गार झाली होती.

पुढचे तीन दिवस तिला ज्या ज्या गोष्टीचा राग आला, त्यात सगळ्यात जास्त याचा आला, की कोणी काही न म्हणता ती उठली होती.

शेजारच्या टेबलावर अमरावतीच्या वंदनाताई होत्या. पाच मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या, सगळ्यांच्या अंगात एकसारखे गुलाबी टी-शर्ट. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि मान हलवून म्हणाल्या, "नशीबवान हो बाप्पा तुम्ही काका. लेक असावी तर अशी."

बाबांनी मान डोलावली. ती गोष्ट त्यांना मान्य होती.

मिनल सत्तेचाळीस वर्षांची होती. नागपूरला, जरीपटक्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवत होती. भरती-ओहोटी, खारे वारे, मतलई वारे, सागरतळाची रचना हे सगळं तिने फळ्यावर इतक्यांदा काढलं होतं की डोळे मिटून काढू शकली असती. पण चहूबाजूंनी पाणीच पाणी असलेला समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. आज तो समोर होता आणि तिला तो पाहायचा नव्हता. कारण ही जागा तिची नव्हती. तिकिटावर तिचं नाव नोव्हेंबरात नव्हतंच. तिथे आईचं नाव होतं, शामला शालिकराम भोयर.

तिकिटं रविंद्रने काढली होती. रविंद्र तिचा धाकटा भाऊ, बंगळुरूला असतो. आईबाबांच्या लग्नाला एप्रिलात पन्नास वर्षं होणार म्हणून त्याने मुंबई, गोवा आणि परत मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ ठरवली आणि आईला फोनवर सांगितलं. त्या वेळी मिनल मानेवाड्याच्या घरी आईजवळच बसली होती. आईने आधी विचारलं, पाण्यात तीन दिवस करायचं काय. मग विचारलं, सैपाक तर नाही ना करावा लागत. रविंद्र हसला आणि म्हणाला, आई, तिथे चोवीस तास जेवण असतं, आपण उठायचं आणि आपल्या हाताने घ्यायचं. आईने फोन कानापासून जरा लांब धरला, हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्या बाबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मंग तुह्या बाबाचं कसं होईन?"

तेव्हा तिघंही हसले होते. मिनलसुद्धा.

जानेवारीत, संक्रांतीनंतर चार दिवसांनी, आई ओट्याजवळ पाटावर बसली ती उठलीच नाही. कुकरच्या शिट्ट्या वाजत राहिल्या. बाबांना वाटलं, ती बंद करेल.

दहावा रामटेकला अंबाळा तलावावर झाला. तिथे पुरुष गेले. बाया मानेवाड्याला घरी थांबल्या, मिनलही थांबली. तिथे काय झालं ते तिला दुपारी कळलं, आणि ते तिला सांगितलं गेलं नाही, तर कळवलं गेलं, जशी नोटीस कळवतात. पिंड ठेवला. कावळा शिवेना. तळ्याकाठच्या झाडांवर कावळे पुष्कळ होते, पण एक खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, इच्छा राहिली असेल, सांगा काही. रविंद्र हात जोडून म्हणाला, आई, क्रूझ रद्द करत नाही, बाबांना नक्की पाठवतो. कावळा आला नाही. कोणी म्हणालं, तुळशीचं लग्न लावू. कोणी म्हणालं, अन्नदान करू. तास उलटला. मग चंपतकाका पुढे झाले. बाबांचे धाकटे भाऊ, पारशिवनीला शेती करतात, आवाज मोठा. ते म्हणाले, "वयनी, दादाची काळजी करू नका. मिनल आपला फ्लॅट सोडून दादाजवळ राहायले येईन." आणि कावळा आला.

त्या क्षणापासून ते आईचं म्हणणं झालं. कोणाचं मत असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. पण मेलेल्या आईची इच्छा, तीही कावळ्याने पटवून दिलेली. तेरवीच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक बाईने मिनलच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, बरं झालं वं, सुटली बिचारी तुही माय. एकट्या बाईले दोन खोल्या लागतेच कशाले, असंही कोणीतरी म्हटलं. त्या दोन खोल्यांसाठी मिनलने घटस्फोटानंतर अकरा वर्षं नोकरी करून शिकवण्याही घेतल्या होत्या. तिथल्या खिडकीत पुस्तकं होती, आणि संध्याकाळी सहा ते नऊ तिला कोणी काही मागत नसे.

ती काही बोलली नाही. तेरा दिवसांत भांडणारी मुलगी तिला व्हायचं नव्हतं. मग महिना झाला, मग दुसरा. तिचं न बोलणं हाच होकार धरून सगळे पुढे निघून गेले होते. मात्र रविंद्रला तिने फोनवर एकदा खोदून विचारलं होतं, नेमकं काय झालं, कोण कुठे उभं होतं. तो आठवून आठवून सांगत गेला. पिंडाभोवती पंचवीस माणसं कोंडाळं करून होती. काकाने नवस बोलायच्या आधी सगळ्यांना हाकललं, मागं व्हा म्हणाला, त्या झाडाखाली जा. माणसं मागे गेली. मग काका बोलला. मग कावळा उतरला.

"म्हणजे माणसं मागे गेली म्हणून उतरला," मिनल म्हणाली होती.

"ताई, आता तू त्यात सायन्स नको आणू," रविंद्र म्हणाला होता. आणि दोन दिवसांनी मेसेज पाठवला होता, तिकिटावरचं नाव बदलून घेतलं, आईच्या जागी तू. पुढे दोन जोडलेले हात.

ती आली ते एवढ्यासाठीच. मानेवाड्याच्या घरात बाबांशी बोलायला बसलं की ते उठून फिरायला जात. फिरून आले की पेपर, पेपर झाला की झोप. जहाजावरून कुठे जाणार होते? उतरायच्या आत त्यांना स्पष्ट सांगायचं, मी येणार नाही. मुंबईला पाय लागायच्या आत. तिने ते एका वाक्यात बसवून ठेवलं होतं.

पण जहाज म्हणजे कोणालाही काहीही सांगता येऊ नये याची पुरेपूर व्यवस्था होती. सुटण्याआधी कवायत झाली. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून उभं केलं, बुडायची वेळ आली तर कुठे जमायचं ते शिकवलं. बाबांनी जाकिटाची शिटी वाजवून पाहिली. मग गाणी सुरू झाली ती थांबलीच नाहीत. पोहण्याच्या तलावाशी गाणी, लिफ्टमध्ये गाणी, बाथरूमच्या छतातूनही बारीक आवाजात गाणी. जिथे गाणी नव्हती तिथे जुगाराची यंत्रं किणकिणत होती. केबिन नागपूरच्या बसमधल्या स्लीपरपेक्षा थोडी मोठी, दोन पलंग, एक गोल खिडकी. खिडकीकडच्या पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. त्यांच्यामध्ये एक कार्ड होतं. शालिकराम आणि शामला यांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. तिकिटावरचं नाव बदललं होतं, हंसांपर्यंत ते पोचलं नव्हतं.

मिनलने कार्ड उलटं करून ठेवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर ते तिथे नव्हतं. बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून त्याचा कोपरा डोकावत होता.

त्याच रात्री जेवताना केक आला. सहा वेटर टाळ्या वाजवत, गाणं म्हणत आले आणि केक बाबा आणि मिनल यांच्या मधोमध ठेवला. केकवरही दोन्ही नावं होती. सगळा हॉल वळून पाहू लागला. मिनलला वाटलं, बाबा आता काहीतरी म्हणतील. हात वर करतील, रडतील, निदान खाली पाहतील. वेटरने सुरी पुढे केली. बाबांनी केक कापला, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "अंडं नाही ना यात?"

ती रात्रभर छताकडे पाहत पडून होती. जहाज हलत होतं तेही इतकं सभ्यपणे, की त्याच्यावरही चिडता येईना.

दुसऱ्या दिवशी गोवा. माणसं उतरून गेली. बाबा म्हणाले, उतरून काय करायचं, पायऱ्या लय आहेत. ते डेकवर फेऱ्या मारत राहिले, शहात्तर वर्षांचा तब्येतीने ठणठणीत माणूस, एका दमात बारा फेऱ्या. किनाऱ्याजवळ फोनला रेंज आली आणि रविंद्रचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण फोन कानाला लावायचं त्यांना जमत नाही. रविंद्रने मजा येतेय का विचारलं आणि पुढे म्हणाला, त्याच्या मित्राचा भाऊ नागपूरला बदलून येतोय, नवराबायको दोघंच, माणसं सभ्य आहेत, ताईचा फ्लॅट त्यांना आवडेल, एक जूनपासून.

फोन ठेवून बाबा म्हणाले, "चावी मह्याजवळ देऊन ठेवजो. रविंद्र येईन मे महिन्यात."

वाक्य तिच्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात वंदनाताईंच्या पाचही मैत्रिणी गोव्याच्या टोप्या घालून आल्या आणि काका, आमचा फोटो काढा म्हणाल्या. बाबांनी काढला. सगळ्यांची डोकी कापली गेली. त्या हसत सुटल्या, बाबाही हसले, आणि मग म्हणाले, "जेवाची वेळ झाली न वं."

मिनलने ताट वाढलं.

तिसरा दिवस नुसता समुद्राचा होता. सकाळी बाबांनी आंघोळ करून स्वच्छ धोतर नेसलं. धोतर त्यांनी बॅगेत वेगळ्या पिशवीत घालून आणलं होतं, तिला माहीत नव्हतं. ते म्हणाले, आज तिचं तिसरं मासिक आहे. घरून निघताना गुरुजींना विचारून आलो. जहाजावर विधी होत नाही तर नाही, पण पान वाढून ठेवायचं, तिच्या आवडीचं, आणि उघड्यावर ठेवायचं. एवढं पुरते.

"उघड्यावर ठेवून काय होणार?" मिनल म्हणाली. "इथे कावळा कुठून येणार?"

"मुंबईले होते. जहाजावर बसून येत असतीन."

ते खरंच शोधून आले होते. पहाटे उठून सगळ्यात वरच्या डेकवर जाऊन दोरांवर, खांबांवर, बाजूला टांगलेल्या होड्यांवर कावळा दिसतो का पाहून आले होते. दिसला नव्हता. पण वाढल्यावर येईल, त्यांचं म्हणणं. त्याले वास येते.

साडेबाराला दोघं अकराव्या मजल्यावर आले. बाबा खिडकीजवळच्या नेहमीच्या टेबलाशी बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "चल, तिचं पान वाढ."

आणि मिनलच्या आत तीन महिने जे थिजून बसलं होतं ते हललं. तिचा आवाज चढला नाही. उलट इतका खाली आला की बाबांना पुढे वाकावं लागलं.

"तुम्ही वाढा," ती म्हणाली.

तिला ऐकू आलं नाही असं बाबांना वाटलं असावं. त्यांनी परत तेच सांगितलं.

"पन्नास वर्षं तिने तुम्हाला वाढलं. दोन वेळा. तिचं ताट तुम्ही एकदा तरी वाढलंत? एकदा? ती तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा मी जरीपटक्यावरून डबा घेऊन यायचे. आज तिचं पान आहे ना? मग तुम्ही वाढा. मी हात लावणार नाही."

बाबांनी रुमालाची घडी मोडली आणि परत घातली. मिनलला वाटलं, आता ते उठून केबिनमध्ये जातील, मानेवाड्याला फिरायला जात तसे. ते उठले. पण गेले ते ताटल्यांच्या ढिगाकडे. त्यांनी वरची ताटली उचलली, ती गरम निघाली म्हणून दचकून परत ठेवली, धोतराच्या सोग्यात धरून पुन्हा उचलली. मग रांगेत उभे राहायच्या ऐवजी रांगेच्या उलट दिशेने चालू लागले. लोक वाट देत गेले. चाळीस पदार्थ मांडले होते. बाबा प्रत्येक भांड्यापाशी थांबत, आत वाकून पाहत आणि पुढे जात. ताटली रिकामीच होती. एक फेरी पूर्ण झाली. ते दुसरी घेऊ लागले.

त्यांना माहीत नाही, मिनलच्या लक्षात आलं. आणि तिला एक कडवट समाधान वाटलं. फिरू दे. पन्नास वर्षं एका घरात राहून बायकोला काय आवडतं ते माहीत नाही, तर फिरू दे.

शेवटी बाबा भाताच्या भांड्यापाशी थांबले. मागे उंच पांढरी टोपी घातलेला आचारी उभा होता. बाबा त्याला आपल्या हिंदीत काहीतरी समजावू लागले. आचाऱ्याला कळेना. बाबा हाताने खरवडल्यासारखं करून दाखवू लागले. रांग खोळंबली. मिनल उठून तिथे गेली.

"भैया, वो नीचे का देव ना," बाबा म्हणत होते. "चावल का, नीचे लगेला. जला हुआ."

आचारी नम्रपणे म्हणाला, "सर, हमारे यहाँ चावल जलता नहीं."

"थोडा भी नहीं?"

बाबा मिनलकडे वळले. चेहऱ्यावर अडचण होती, पण थोडा अभिमानही होता, उत्तर सापडल्याचा. "तिले खरवड लय आवडे न वं. भाताच्या गंजाच्या बुडाची. रोज तेच घे ती."

भोवती माणसं होती. आचारी होता. मागे कोणीतरी हातातल्या चमच्याने ताटलीवर टिचक्या मारत होतं. मिनल म्हणाली, "तिला ते आवडायचं नाही बाबा. तेच उरायचं. तुमचं झालं, रविंद्रचं झालं, माझं झालं, की गंजात तेवढंच राहायचं. म्हणून खायची."

बाबांना हे पटत नव्हतं असं नाही. हे त्यांना नवीन होतं. त्यांनी विचारलं, आणि खरंच विचारलं, उत्तर हवं म्हणून, "मंग तिले आवडे काय?"

मिनलने तोंड उघडलं. पुरणपोळी म्हणणार होती, पण ती रविंद्रला लागायची. सांबारवडी बाबांना. भरली वांगी खुद्द मिनलला, ती येणार म्हटलं की आई कळमन्याच्या बाजारातून आलेली लहान काटेरी वांगी शोधून ठेवायची. आईला काय? तिने डोक्यात सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. आई बसलेली दिसत होती, सगळ्यांच्या नंतर, ओट्याला पाठ लावून, गंज मांडीशी धरून. ताटात काय होतं ते दिसत होतं. आणि मग तिला तेरवी दिसली. त्या दिवशी आईचं पान मिनलने वाढलं होतं. भात नीट झाला होता, बुडाला लागला नव्हता. तिने आच मुद्दाम मोठी केली, वास येईपर्यंत थांबली, आणि कालथ्याने खरवड काढून पानावर ठेवली. आईला फार आवडायची, असं तिने स्वतः म्हटलं होतं, आणि जमलेल्या बायांचे डोळे भरून आले होते.

मेलेल्या आईला वाढायला तिने भात जाळला होता.

राग तिच्या अंगात तसाच होता, पण आता तो नुसता समोरच्या माणसावर नव्हता. त्याला बसायला आणखी एक जागा मिळाली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

आचाऱ्याने तेवढ्यात रिकामं होत आलेलं भांडं काढून त्या जागी नवं ठेवलं. झाकण उघडलं. भाताची वाफ दोघांच्या तोंडावर आली. पांढरा, मोकळा, अजून कोणाचा चमचा न लागलेला भात.

"हा वाढा," मिनल म्हणाली. "वरचा. सगळ्यांच्या आधी."

बाबांनी चमचा घेतला. तो कसा धरायचा यावर क्षणभर अडले. मग त्यांनी मधोमध, अगदी वरून, दोन चमचे भात घेतला. थोडा बाहेर सांडला. त्यावर वरण घातलं, ते ताटलीभर पसरलं. तूप शोधलं, सापडलं नाही, लोण्याची चौकोनी वडी मिळाली ती कागदासकट ठेवली आणि मग आठवण झाल्यासारखा कागद काढला. बस, एवढंच.

पान त्यांनी डेकवर नेलं. कठड्याजवळच्या एका छोट्या टेबलावर ठेवलं, पाण्याचा ग्लास शेजारी, आणि दोघं मागे होऊन उभे राहिले. ऊन पाण्यावर असं पडलं होतं की पाहवत नव्हतं. चहूकडे किनाऱ्याची रेघ नव्हती, झाड नव्हतं, खडक नव्हता. मागे तलावाशी कोणीतरी माइकवर नाचायला बोलावत होतं. लोणी वितळून वरणात मिसळलं. बाबा आकाशाकडे पाहत होते. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली.

मग पांढरे हातमोजे घातलेला एक वेटर आला. त्याने टेबलाकडे पाहिलं, जवळ कोणी बसलेलं नाही हे पाहिलं, दोघांकडे पाहून हसला, "डन, सर?" म्हणाला आणि बाबांना काही कळायच्या आत ताटली आणि ग्लास उचलून ट्रेमध्ये ठेवले, टेबल पुसलं आणि निघून गेला. ग्लास होता तिथे पुसूनही पाण्याचा एक गोल उरला, तोही लगेच वाळला.

बाबांचा हात अर्धवट उचललेला राहिला. ते त्या पुसलेल्या टेबलाकडे पाहत होते. खिशातून कार्डाचा कोपरा दिसत होता, घामाने मऊ झालेला.

"शिवला नाही," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "म्हणजे काहीतरी राहिलंच तिचं."

हा माणूस तिच्या आईसाठी कधी असा दिसला नव्हता. एका महिन्यापूर्वी तो असा दिसला असता तर मिनलने सगळं कबूल केलं असतं, चावी दिली असती, पुस्तकं खोक्यांत भरली असती. हे तिला स्वच्छ कळलं आणि म्हणून तिने कठडा घट्ट धरला.

"इथे कावळा नाही बाबा," ती म्हणाली. "आता जे विचारायचं ते मला विचारा."

बाबांनी विचारायला वेळ घेतला. बहुतेक असं काही विचारायची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाले, "तू येशीन न मह्याजवळ राहायले?"

"नाही."

समुद्रावर काही फरक पडला नाही. माइकवरच्या माणसाने नवं गाणं लावलं.

"रविवारी येईन," मिनल म्हणाली. "आजारी पडलात तर येईन. स्वयंपाकाला बाई पाहून देईन. पण राहायला येणार नाही. चावी देणार नाही. आणि काकाला सांगा, मला न विचारता माझं नाव परत कुठे घेऊ नको."

बाबा फिरायला निघाले. डेकवर पहिली फेरी, दुसरी, तिसरी. मिनल कठड्याशी उभी राहिली. सातव्या फेरीनंतर तिने मोजणं सोडलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा समुद्र पाहिला. फळ्यावर काढायची तसा तो निळा नव्हताच.

रात्री बाबा जेवायला आले नाहीत. भूक नाही म्हणाले. ती एकटी जाऊन जेवून आली, आणि केबिनमध्ये काही घेऊन आली नाही. ते सोपं नव्हतं. लिफ्टमध्ये दोनदा तिचा हात परत अकराच्या बटणाकडे गेला.

सकाळी जहाज मुंबईच्या जवळ आलं. पाणी मातकट झालं होतं, लांब उंच इमारतींची धूसर रांग दिसू लागली होती. अकराव्या मजल्यावर सगळा गलका होता, उतरायच्या आधीची शेवटची न्याहारी. बाबा त्याच टेबलाशी बसले होते. दोन्ही हात मांडीवर. मिनल आपली ताटली घेऊन आली, समोर बसली आणि खायला लागली.

बाबांनी तिच्या ताटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती खात राहिली. वंदनाताईंनी शेजारून पाहिलं, जरा थांबल्या, मग न राहवून उठल्या. "काका, थांबा, मी आणून देते न. काय घेता?"

"राहू द्या ताई," मिनल म्हणाली. "घेतील ते."

वंदनाताई बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मिनलविषयी जे काही उमटलं ते त्यांनी लपवलं नाही. पहिल्या दिवशीचं ‘लेक असावी तर अशी’ त्यांनी तिथल्या तिथे परत घेतलं. मिनलने ते पाहिलं आणि पुढचा घास घेतला.

उपमा संपत आला तेव्हा बाबांची खुर्ची सरकली. ते गेले. आले तेव्हा ताटलीत उपमा, त्यावर चटणी, चटणीला लागून जिलबी, आणि कशासाठी कोण जाणे, उकडलेला बटाटा. त्यांनी ते सगळं खाल्लं. बटाटाही खाल्ला. मग तोंड पुसून, तिच्याकडे न पाहता विचारलं, "चहा कोठी भेटते?"

"त्या खांबाच्या मागे. डाव्या हाताला. कप तिथेच आहेत."

ते गेले. किनारा जवळ आला होता, फोनला रेंज आली. टेबलावर ठेवलेला बाबांचा फोन वाजू लागला. रविंद्र. मिनलने तीन रिंगा वाजू दिल्या आणि उचलला.

रविंद्रने विचारलं, बाबा कुठे आहेत.

"बाबा चहा आणायला गेलेत," मिनल म्हणाली.

"बाबा?" रविंद्र म्हणाला. "कुठे गेलेत?"

"चहा आणायला. ऐक रविंद्र, त्या भाडेकरूंना नाही म्हणून सांग. आजच सांग. मी बाबांशी बोलले आहे."

तो काहीतरी म्हणू लागला, आईची इच्छा, काका, दहावा. तिने त्याला पूर्ण बोलू दिलं. खांबाच्या मागून बाबा येत होते. दोन्ही हातांनी एकच कप धरून, नजर चहावर ठेवून, सांडू नये म्हणून एकेक पाऊल मोजत. वाटेत कोणीतरी त्यांना हात द्यायला पुढे झालं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.